तापमापकाची साक्ष

विमानविद्येचा इतिहास आपण सहसा उड्डाणांच्या तारखांनी सांगतो. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या वाळूवर राइट बंधू, २५ जुलै १९०९ रोजी इंग्लिश खाडीवर ब्लेरियो, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईकडे टपाल घेऊन निघालेले जे. आर. डी. टाटा. या तारखा खऱ्या आहेत आणि त्यांचे महत्त्वही निर्विवाद आहे. पण तारखांच्या यादीत यंत्र फक्त जमिनीवरून उठते आणि पुन्हा जमिनीवर उतरते. मधल्या काळात इंजिन तापते, तेल पातळ होते, एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा अधिक गरम राहतो आणि त्यापायी आठवडेच्या आठवडे खर्ची पडतात. हा भाग यादीत येत नाही. प्रस्तुत लेखात या वगळलेल्या भागाचा विचार करायचा आहे. एखाद्या माणसाने आपल्या हातांनी विमान घडवले, ही कथा इतिहासात जमा करायची की आख्यायिकेत, हे उड्डाणाच्या दाव्यापेक्षा बिघाडांच्या नोंदींवरून अधिक खात्रीने ठरवता येते, असे माझे म्हणणे आहे. आणि अशा बिघाडांत इंजिनाचा वाढलेला ताप हा सर्वांत बोलका साक्षीदार आहे.

या विचारासाठी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांइतकी योग्य भूमी महाराष्ट्रात दुसरी नसावी. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली वेगळा झाला, तरी दोघांचे ऊन एकच राहिले. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांवर जाणे ही तेथे बातमी नसते. काही वर्षी तो ४७ अंशांपलीकडे गेलेला आहे. याच शहराच्या वेशीवर औष्णिक विद्युत केंद्राचे प्रचंड शीतकरण मनोरे उभे आहेत. इरई धरणाचे पाणी तेथे येते ते प्रामुख्याने उष्णता वाहून नेण्यासाठी. जाळलेल्या कोळशातील साधारण एक तृतीयांश ऊर्जाच वीज होऊन तारांत जाते. उरलेली बाहेर टाकावी लागते, आणि ती बाहेर टाकण्याची सोय कोलमडली की वीजही थांबते. लहान विमानाच्या इंजिनाचे गणित याहून वेगळे नाही. पेट्रोलमधील जेमतेम पाव ते एक तृतीयांश ऊर्जा पंखा फिरवते. बाकीची धुरातून, तेलातून आणि सिलिंडरवरच्या धातूच्या पातळ फिन्समधून हवेत जायला हवी. फरक इतकाच की, विमानाला मनोरे आणि धरण बरोबर नेता येत नाही. त्याला वाहत्या हवेवरच भागवावे लागते.

आता ती हवाच ४५ अंशांची असेल तर काय होते, ते पाहू. विमानशास्त्राची सारी कोष्टके समुद्रसपाटीवर १५ अंश तापमान गृहीत धरून मांडलेली असतात. म्हणजे चंद्रपूरच्या मे महिन्यात आरंभच तीस अंशांच्या तुटीने होतो. इतर गोष्टी समान ठेवल्या तर सिलिंडरचे तापमानही ढोबळमानाने तेवढेच वर सरकते. त्यातच तापलेली हवा सुमारे दहा टक्क्यांनी विरळ असते. विरळ हवा फिन्समधून कमी उष्णता उचलते, पंख्याला कमी पकड देते आणि पंखांना कमी उचल देते. म्हणून विमान सावकाश चढते. सावकाश चढते म्हणून पूर्ण शक्तीवर अधिक वेळ राहावे लागते, आणि समोरून येणारा वारा मंद असतो तेव्हाच इंजिन सर्वाधिक तापते. लहान विमानांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या लायकॉमिंगच्या चार सिलिंडरच्या इंजिनांत सिलिंडर-हेडची कमाल मर्यादा २६० अंश सेल्सियस आणि तेलाची ११८ अंश आहे. दीर्घ आयुष्य हवे असेल तर सिलिंडर-हेड २०५ अंशांच्या आत ठेवावे, असे जाणकार सांगतात, कारण त्यापुढे ॲल्युमिनियमची ताकद झपाट्याने घटत जाते. थंड देशात जे विमान निर्धोक वाटते, ते या प्रदेशात पहिल्याच चढणीत लाल रेषेला टेकू शकते.

असे झाल्यावर स्वतः विमान बांधणारा कारागीर काय करतो? साहित्याच्या अभ्यासकाला या प्रश्नाचे उत्तर अनपेक्षितपणे ओळखीचे वाटेल, कारण त्याची रीत पाठचिकित्सकाच्या रीतीहून फार निराळी नाही. पाठचिकित्सक पोथीवर विश्वास ठेवण्याआधी लेखनिकाविषयी शंका घेतो. कारागीर इंजिनाविषयी शंका घेण्याआधी तापमापकाविषयी घेतो. तापमापकाचे टोक उकळत्या पाण्यात धरायचे. तो १०० अंशांच्या आसपास दाखवतो का? दाखवत नसेल तर दोष साक्षीदाराचा आहे, इंजिनाचा नाही. साक्षीदार खरा ठरला तर पुढचा प्रश्न: चारही सिलिंडर तापतात की एकच? एकच तापत असेल तर कारण स्थानिक असते. चारही तापत असतील तर ते सामाईक असते. या एका प्रश्नाने निम्मी कारणे बाद होतात.

त्यानंतर हवेची वाट तपासली जाते. इंजिनावरील आवरणाच्या तोंडातून हवा आत येते, सिलिंडरांच्या वर साठते, फिन्समधून खाली उतरते आणि मागच्या बाजूने बाहेर पडते. तिने फिन्समधूनच जावे म्हणून पत्र्याचे अडसर बसवलेले असतात. कारागीर त्यांना बॅफल म्हणतात. हवा मात्र नेहमी सोपी वाट शोधते. पत्रा आणि आवरण यांच्या मधली बोटभर फट, उलट वळलेली रबराची पट्टी, फिन्सच्या मध्ये ओतकामातून राहून गेलेला धातूचा पापुद्रा यांपैकी कोणतीही गोष्ट एका सिलिंडरला उपाशी ठेवायला पुरते. बाहेर पडण्याची वाट अरुंद असेल तर आत येण्याचे तोंड कितीही मोठे केले तरी उपयोग होत नाही. वरची हवा आणि खालची हवा यांच्या दाबातला फरक पाण्याने भरलेल्या साध्या काचनळीने मोजता येतो, आणि त्या नळीतल्या पाण्याची उंची अनेक तर्कांचा निकाल लावते. हवेची वाट निर्दोष निघाली तर मग मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे का, ठिणगी वेळेआधी पडते आहे का, आत येणाऱ्या नळीच्या जोडातून हवा शिरते आहे का, तेलाच्या थंडकाला पुरेसा वारा मिळतो आहे का, असे प्रश्न क्रमाने येतात. इंजिन नवे असेल तर पिस्टनच्या कड्या बसेपर्यंत पहिले काही तास ते अधिक तापणारच. तो दोष नव्हे.

या साऱ्यामागे एक नियम आहे: एका वेळी एकच बदल करायचा आणि तो लिहून ठेवायचा. दोन बदल एकदम केले आणि ताप उतरला, तर तो कशाने उतरला हे कायमचे अज्ञात राहते. म्हणून अशा विमानाच्या शेजारी नेहमी एक वही असते. बाहेरचे तापमान, चढण्याचा वेग, प्रत्येक सिलिंडरचा आकडा, तेलाचा आकडा, काय बदलले, काय फरक पडला. वाङ्मयीन दृष्टीने ती वही नीरस असते. पण विमान खरोखर होते, ते खरोखर चालले आणि कोणीतरी त्याच्याशी खरोखर झगडले, याचा तिच्याहून सबळ पुरावा सापडणे कठीण.

राइट बंधूंची कीर्ती अखेर याच प्रकारच्या पुराव्यावर टिकली. त्यांचे यंत्रकार चार्ली टेलर यांनी सुमारे सहा आठवड्यांत जे चार सिलिंडरचे इंजिन घडवले, ते फेब्रुवारी १९०३ मधील चाचणीतच अडकले आणि त्याचा सांगाडा फुटला. नवा ओतून घ्यावा लागला. दुसरे इंजिन चालू झाले की पहिले काही सेकंद सुमारे १६ अश्वशक्ती देई आणि मिनिटभरात, आत येणारी हवा तापू लागताच, १२ च्या आसपास येऊन स्थिरावे. पाणी होते, पण ते फिरवणारा पंप नव्हता. आपले इंजिन तापल्यावर दुबळे होते, हे राइट बंधूंना ठाऊक होते, कारण त्यांनी ते मोजले होते. आपल्याला निदान ८ अश्वशक्ती लागेल असा त्यांचा हिशेब होता, म्हणून १२ पुरेशी ठरली. त्या दिवशीचे सर्वांत लांब उड्डाण ५९ सेकंदांचे होते. हा तपशील त्यांच्या पराक्रमाला उणेपणा आणत नाही. उलट, त्यामुळेच आपण त्या पराक्रमावर विश्वास ठेवतो.

ब्लेरियोच्या बाबतीत आख्यायिका आणि नोंद शेजारी शेजारी दिसतात. त्याच्या विमानाला अंझानीचे तीन सिलिंडरचे, सुमारे २५ अश्वशक्तीचे, हवेने थंड होणारे इंजिन होते. खाडीवर ते तापले आणि नेमकी पावसाची सर येऊन त्याने ते वाचवले, अशी गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. गोष्ट सुंदर आहे आणि कदाचित तीत तथ्यही असेल. पण पाऊस हा कोणाचा उपाय नव्हे. त्यातून पुढच्या कारागिराला काहीच शिकता येत नाही. शिकता आले ते सेगँ बंधूंच्या नोम इंजिनातून, ज्यात सिलिंडरच पंख्याबरोबर गरगर फिरत आणि स्वतःच स्वतःला वारा घालत. आणि त्याहून अधिक शिकता आले ते १९२८ मध्ये अमेरिकेतील लँग्ली प्रयोगशाळेत फ्रेड वाइक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांतून. तापणारे इंजिन उघडे ठेवावे, अशी तोवर सर्वांची समजूत होती. नेटके आवरण घातले आणि हवेला ठरावीक वाट दिली, तर इंजिन थंडही राहते आणि वाऱ्याचा विरोधही घटतो, हे त्यांनी मोजून दाखवले. उघडेपणा म्हणजे शीतलता नव्हे, हा त्यातला धडा आजही प्रत्येक घरगुती विमानाच्या बॅफलमध्ये वापरला जातो.

हा प्रश्न केवळ हौशी कारागिरांना छळत होता असे नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बी-२९ ही अवाढव्य बाँबफेकी विमाने बंगालमधील खरगपूर परिसराच्या तळांकडे धाडली. एप्रिल १९४४ मध्ये त्यांतील काही कराचीजवळ लागोपाठ कोसळली आणि वाटेवरची बाकीची विमाने होती तेथेच थांबवावी लागली. त्यांची इंजिने जमिनीवरच्या सुमारे ४६ अंशांपलीकडील हवेसाठी आखलेलीच नव्हती, आणि कराची तो आकडा ओलांडत होते. मागच्या रांगेतील सिलिंडरांच्या झडपा सर्वाधिक तापत. उपाय म्हणून हवा त्या झडपांकडे वळवणारे नवे बॅफल बसवले गेले आणि त्यांच्याकडे जाणारे तेल वाढवले गेले. जगातील सर्वांत धनाढ्य देशाच्या अभियंत्यांनी त्या उन्हात केले ते तत्त्वतः एकट्या कारागिराने आपल्या शेडमध्ये करण्याचेच काम होते. ४६ अंश म्हणजे चंद्रपूरचा मे महिन्यातला नित्याचा आकडा, हे येथे आठवावे.

या पार्श्वभूमीवर मराठीतील सर्वांत प्रसिद्ध विमानकथेकडे वळू. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे मानवरहित विमान पंधराशे फूट उंच उडवले, ते पाऱ्यावर चालत होते, न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड तेथे उपस्थित होते, असे सांगितले जाते. तळपदे ही ऐतिहासिक व्यक्ती आहे; त्यांची संस्कृत ग्रंथांविषयीची जिज्ञासा आणि विमानाचे वेड यांविषयी संशय घेण्याचे कारण नाही. परंतु या उड्डाणाचा सर्वमान्य असा समकालीन पुरावा आजवर पुढे आलेला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार या कथेला पुढे जोडला गेला, तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभी सांगून लिहवला गेला, आणि त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एच. एस. मुकुंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडला. तरीही २०१५ मध्ये मुंबईतील विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि त्याच वर्षी तळपदे यांच्यावर हिंदी चित्रपटही आला.

या कथेविरुद्ध दिले जाणारे पुरावे बहुधा बाहेरचे असतात: कागद नाही, बातमी नाही, साक्षीदार नाहीत. पण कथेच्या आतच एक पोकळी आहे, आणि ती वाङ्मयाच्या वाचकाला आधी जाणवायला हवी. या कथेत काहीही तापत नाही. पारा ३५७ अंशांना उकळतो. तो तापवला कशाने? त्याची वाफ कोणत्या भांड्यात कोंडली, कोणत्या वाटेने सोडली, पुन्हा थंड कशी केली? त्या विषारी वाफेपासून माणसे कशी वाचली? एखादे भांडे आधी फुटले का? मरुत्सखा वर जाते आणि खाली पडते. मध्ये एकही अडचण नाही, एकही फसलेली चाचणी नाही, दुरुस्तीचा एकही दिवस नाही. ज्या यंत्राला दोष नाही, ते कोणी बांधलेले नसते, फक्त सांगितलेले असते. माझ्या मते या आख्यायिकेने सर्वांत मोठा अन्याय तळपदे यांच्यावरच केला आहे. त्यांनी काही प्रयोग केले असतील, तर त्यांतील खरे श्रम, म्हणजे फसलेले प्रयत्न, गौरवाच्या भरात पुसले गेले आणि त्यांच्या हाती एक चमत्कार तेवढा उरला. चमत्काराचा वारसा कोणालाही पुढे चालवता येत नाही.

याच्या उलट टोकाला कॅप्टन अमोल यादव यांचे विमान आहे. व्यवसायाने वैमानिक असलेल्या यादव यांनी आधीचे प्रयत्न मागे टाकून कांदिवलीच्या चारकोपमधील राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते क्रेनने खाली उतरवून वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले. २०१७ मध्ये त्याची नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची उड्डाणचाचणी झाली. येथे तारखा आहेत, नोंदणी आहे, फसलेले आधीचे प्रयत्न आहेत आणि वर्षानुवर्षांचा खोळंबा आहे. ही कथा खरी असल्याचे तिच्या अडथळ्यांवरूनच कळते. तरीही वर्तमानपत्रांनी ती सांगताना गच्ची, क्रेन आणि परवानगी यांवरच भर दिला. गच्चीवर इंजिन प्रथम चालू झाले तेव्हा काय तापले, धुळ्याच्या उन्हात तेलाचा आकडा कुठे गेला, कोणता पत्रा कितीदा कापून पुन्हा बसवला, यांविषयी सामान्य वाचकाला फारसे वाचायला मिळाले नाही. कर्तृत्व खरे असतानाही आपण त्याला आख्यायिकेचाच पोशाख चढवतो, कारण तो आपल्या वाचनाच्या सवयीचा आहे.

ही सवय मराठी गद्याच्या घडणीशी निगडित आहे. कारखान्याला गद्याचे वावडे नसते, हे आपल्याकडे एकदा सिद्ध झालेले आहे. १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे लोखंडी नांगर बनवला. पहिले नांगर विकले जायला दोन वर्षे लागली, आणि ही फजिती त्यांच्या चरित्रकथेत लपवलेली नाही. १९२० मध्ये त्यांच्याच कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ निघाले आणि त्याचे पुढे मराठीतील एक प्रमुख मासिक झाले. म्हणजे यंत्राजवळ जन्मलेले नियतकालिक आपल्याकडे होते. परंतु ते जसजसे साहित्याकडे सरकले, तसतशी यंत्राची वही मागे राहिली. आपण शोधांचे गौरवग्रंथ लिहिले आणि बिघाडांची दैनंदिनी मेकॅनिकच्या खिशात राहू दिली.

त्याची किंमत काय, हे पुन्हा त्या दोन जिल्ह्यांत जाऊन पाहावे. चंद्रपूरजवळ मोरव्याला धावपट्टी आहे. तेथून पूर्वेला निघालेल्या लहान विमानाच्या खाली थोड्याच वेळात रान सुरू होते. गडचिरोली जिल्ह्याची सुमारे तीन चतुर्थांश भूमी वनाच्छादित आहे. इंजिनाने दगा दिला तर उतरायला उन्हाळ्यात उघडी पडलेली वैनगंगेची किंवा प्राणहितेची वाळू, फार तर एखादे धानाचे शेत. तेथे सिलिंडर-हेडचा आकडा हा कुतूहलाचा विषय राहत नाही. आधीच्या कारागिराने ‘अमुक उन्हात, अमुक चढणीत, तिसरा सिलिंडर इतका तापला, मागची फट बुजवल्यावर इतका उतरला’ असे एक वाक्य लिहून ठेवले असेल, तर पुढच्या माणसाचा जीव त्या वाक्याने वाचू शकतो. पंधराशे फुटांची गोष्ट त्याच्या कामाची नाही.

साहित्याच्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना म्हणून एक सुचवावेसे वाटते. चरित्रे आणि आत्मचरित्रे शिकवताना आपण नायकाच्या यशाची आणि मूल्यांची चर्चा करतो. त्याच्या बिघाडांच्या वर्णनाचा दर्जाही तपासावा. ते नेमके आहे का, त्यात क्रम आहे का, कोणता उपाय फसला हे सांगितले आहे का? आणि आपापल्या गावातल्या गिरणीवाल्याच्या, पंप दुरुस्त करणाऱ्याच्या, जुन्या मोटारदुरुस्तीच्या दुकानातल्या वह्या रद्दीत जाण्याआधी एकदा मागून वाचाव्यात. तेलाच्या डागांखालचे त्यांतले अक्षर बहुधा वाचता येते.